मेंढरं बसवलेली हिरवळ

धाराशिव, १४ एप्रिल

ती. आण्णांना निकिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि सासरी ओरडून बोलायचा मला संकोच वाटतो, म्हणून पत्र. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जूनपर्यंत त्या सोलापूरला नणंदेकडे राहतील. काठी सुटली की मऊ जमिनीवर अनवाणी चालायला डॉक्टरांनी सांगितलंय. जाताना घरापुढचं लॉन त्यांनी माझ्यावर सोपवलं. परतल्यावर आपण यावरच चालणार, एवढंच म्हणाल्या.

आणि आण्णा, ते वाळत चाललंय! नळाला आठवड्यातून एकदा पाणी. कुलदीप म्हणतात, गवतच ते, मरतंय तर मरू दे. मला झोप येत नाही. भांड्यांचं पाणी घालावं तर त्यात साबण. काय करू?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
निकिता

जळकोट, २२ एप्रिल

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी आई हसली. मी न्हाय. थोडा हसलो. सगळी हयात रानातली हरळी उपटण्यात गेली, आन् माझी लेक त्याच हरळीच्या लॉनपायी झोप मोडती! पोरी, हरळी उन्हाळ्यात मरत न्हाय, निजती. मुळाला ओल लागंल एवढंच पाणी दे. कापायचं मशीन फिरवू नगंस, ऊन थेट मुळावर बसंल.

खतासाठी एक रात मेंढरं बसव. लेंड्यांनी जमीन पोटभर जेवती. मे सरता सरता सिद्धाराम कळप घेऊन तिकडूनच जातो, त्याला सांगून ठेवतो. जावईबापूंना नमस्कार. लई काळजी करू नगंस, माझ्यावर गेलीस असं लोक म्हणत्याल.

तुझा,
आण्णा

धाराशिव, १ जून

ती. आण्णांना सा. न. वि. वि.

मेंढरं बसली. पण तुम्ही बसवता ती पीक काढलेल्या रिकाम्या रानात. सकाळी दार उघडलं तर लॉनची काडी शिल्लक नाही. जास्वंद खाल्ली, कुलदीपचा टॉवेल चघळला. सिद्धाराममामा म्हणाले, आण्णांनी मेंढरं बसवायला सांगितलं, तोंडं बांधायला नाही. शेजारच्या गिरिजाबाई कुंपणावरून विचारत होत्या, आता दूधही विकणार का.

तुम्हाला दोष देत नाही. मेंढरांपुढे गवत आहे हे मलाच सुचायला हवं होतं. सासूबाईंना सगळं खरं कळवलं. शनिवारी त्या येतायत. पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर काही सोपवलं होतं, आण्णा. त्या चालतील कशावर?

तुमची,
निकिता

धाराशिव, २ जुलै

श्री. आण्णासाहेबांना मथुराबाईचा स. न. वि. वि.

खरं सांगते, आले तेव्हा काळी जमीन बघून राग आला. पाच वर्षं जपलेलं गवत होतं. पण निकिता फाटकात अशी उभी, जणू माझा दुसरा गुडघाही तिनंच मोडलाय. मग रागवायचं राहूनच गेलं. माझ्या माहेरीही धनगराला आणखी एक रात थांब म्हणून आर्जवं करायचे.

पहिल्या पावसात लेंड्या मुरल्या आणि आता गवत असं दाट आलंय की तसं मला कधी जमलं नव्हतं. तसं तिला म्हणाले, तर रडली.

पण पुढची पंचाईत ऐका. तिनं चहूकडून दोरी बांधलीय. मुळं धरेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. डॉक्टर फोनवर विचारतात, चाललात का. आणि मी ओसरीच्या फरशीवरून गवत बघते. काल एक पाऊल आत टाकलं, तर हळूच म्हणाली, आणखी आठच दिवस, आई. दोरी सोडायची कुलदीपचीही हिंमत होत नाही.

तुमचं ती ऐकते. रविवारी विहीणबाईंना घेऊन या. दोरी तुम्ही सोडा. मी चप्पल काढून तयार राहते.

तुमची वाट पाहणारी,
मथुराबाई