डॉफिनच्या डिकीतले दोन चिरे

अण्णा, गोठ्यातली तुमची गाडी भंगारात द्यायची नाही असं मी ठरवलं आणि घरात सगळ्यांची बोलणी खाल्ली. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होतील, गाडी त्याच्याही आधीपासून उभी. दारं खाऱ्या हवेने खाल्लीत, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. धाकटा म्हणाला, "ताई, वेड लागलंय तुला." लागू दे.

मुंबईच्या एका डॉक्टरांकडून तुम्ही ती जुनी घेतलीत. रत्नागिरीत पेट्रोल पंपावरच्या माणसाने पुढचं झाकण उघडलं, आत इंजिनच नाही, आणि तो तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. इंजिन मागे, सामान पुढे. तुम्ही भूगोलाचे मास्तर, त्यामुळे गाडीचाही धडा व्हायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये साध्या माणसांना परवडेल अशी एक चिमुकली गाडी निघाली, ती इतकी खपली की तिला राणी म्हणायला लागले. मग पुढची आली ती आपली ही, तिचं नाव डॉफिन, म्हणजे युवराज्ञी. थोडक्या पेट्रोलवर चालणारी, आणि हॉर्न दोन, शहरासाठी हळू, गावासाठी मोठा. तुम्ही कायम गावचाच वाजवायचात. आई म्हणायची, "पुरे हो, म्हशी बुजतात." खोड एकच, नाक हलकं. वळणावर मागची बाजू फेकली जायची, म्हणून पुढच्या डिकीत तुम्ही वजनाला जांभ्या दगडाचे दोन अर्धे चिरे गोणपाटात गुंडाळून ठेवले होते.

त्या दिवाळीत मी बारा वर्षांची. किल्ल्याच्या दरवाजाला बुरूज हवेत आणि अंगणातले दगड सगळे ओबडधोबड. तुमचे दोन मात्र कसे छान तासलेले. गुपचूप एकेक करून नेले. दुसऱ्या दिवशी आपण गणपतीपुळ्याला निघतो. तुम्ही मागे तेलपाणी बघता, पुढचं झाकण उघडत नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नसतंच. उतारावरच्या वळणाला गाडी गर्रकन फिरते आणि गटारात जाऊन बसते. आईच्या कपाळाला टेंगूळ, बाकी कुणाला काही नाही. ट्रकला बांधून गाडी घरी आणली. मोठी माणसं पडवीत चहा घेत होती तेव्हा मी किल्ला मोडला आणि चिरे होते तिथे नेऊन ठेवले. संध्याकाळी तुम्ही झाकण उघडलंत, आत बघितलंत, चिरे जागच्या जागी, झाकण परत लावलंत. "माझाच हात गेला गो, आता गाडी नको," एवढंच म्हणालात. मी शेजारीच उभी होते. किल्ली खुंटीला लावलीत ती कायमची, आणि शाळेत एस्टीने जायला लागलात. चिरे मी काढले होते हे तुम्हाला सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि तुम्ही शेवटचे आजारी होतात तेव्हाही नाही. फार वाईट वागले मी तुमच्याशी.

आता जयगडहून एक मेकॅनिक येतात, बंदरावरून निवृत्त झालेले. सुटे भाग मिळत नाहीत तर स्वतः घडवतात, आणि गाडीला सूनबाई म्हणतात. मंगळवारी इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि चक्क चालू राहिलं. गोठाभर धूर. मला रडू आवरेना. वेड लागलंय म्हणणारा धाकटाच मोबाईल घेऊन पळत आला आणि सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवत सुटला. पत्रा बदलायला वर्ष जाईल, पण चालेल ती. साठीला आलेय तरी मी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलंय. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीहून लहान आहे आणि तुमच्यासारखीच ओरडते.

हे पत्र कुठे पाठवणार, कपाटात राहील. पण एक सांगून टाकते. परवा मेकॅनिकनी विचारलं, "एवढी चांगली गाडी, बंद का केली हो?" मी पटकन म्हटलं, "वडिलांचं वय झालं होतं." तुम्ही तेव्हा बेचाळीस वर्षांचे होतात, अण्णा. उद्या ते ब्रेक बघायला येतील तेव्हा धाकट्यालाही तिथे बोलावणार आहे, आणि तुमचा हात गेला नव्हता हे दोघांना सांगणार आहे.