न पिकलेल्या खजुरांचा भाव

निजवा,
लिलावाच्या आधीचा शनिवार

प्रिय हिलाल,

थोरल्या बहिणीचा सलाम आणि भरभरून आशीर्वाद. इकडे अल्लाच्या मेहेरबानीने सगळं खुशाल आहे, माझा डावा गुडघा सोडून. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून शेअरचे आकडे बघणाऱ्याची पाठ दुखते आणि खजुराच्या झाडावर चढणाऱ्याची दुखत नाही, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. (फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला गप्प बसावंच लागतं.)

तर तुझा कागद पोचला. बाबांच्या नऊ झाडांपैकी तुझ्या वाट्याची सहा मी सहाशे रियालला विकत घ्यावीत, लिलावाच्या आधी सही करावी, आणि त्या पैशांत तू तिकडे मस्कतच्या बर्फाच्या कंपनीचे शेअर घेणार. परक्याला विकण्याआधी मला विचारलंस, याचं बरं वाटलं. पण सोबत जो हिशेब मांडलास त्याने मला बेचैन केलं. रागाने नव्हे, कुतूहलाने. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण हे पी-ई प्रकरण माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

मला समजलं ते असं, चुकलं तर हसू नकोस. बर्फवाल्यांचा एक शेअर पाचशे बैसाला, म्हणजे अर्ध्या रियालला. गेल्या वर्षी त्या एका शेअरमागे कंपनीने कमावले पंचवीस बैसा. पाचशेला पंचविसाने भागलं की वीस, हा तुमचा पी-ई. म्हणजे कमाई अशीच राहिली तर टाकलेले पैसे वसूल व्हायला वीस वर्षं (तोवर मी कुठे असेन, कोण जाणे). पण तुझं म्हणणं, मागचं कशाला उगाळायचं? पुढच्या वर्षी ते पन्नास बैसा कमावणार, तेव्हा पन्नासाने भागा, दहा आले. हा तुमचा फॉरवर्ड पी-ई. शेअर तोच, भाव तोच, नुसता भागाकार बदलला आणि वस्तू निम्म्याने स्वस्त झाली. मला हे फार आवडलं. मग वाटलं, ते पन्नास बैसा मोजले कुणी? तू म्हणालास, विश्लेषकांनी. त्यांना कुणी सांगितलं? तर कंपनीने. पुढच्या वर्षीचा पाऊस मी कधी फळ्यावर लिहिला नाही, पण ते असो.

कुठलीही गोष्ट कळायची तर ती करून बघावी, म्हणून मी एक शेळी घेतली. (ओरडू नकोस, पुढे वाच.) तुझं हे बर्फपुराण पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाची, थंडीतली गोष्ट. शुक्रवारच्या बाजारात शेळ्या गोल फिरवत होते, त्यात वाळवंटातून आलेल्या एका बदू बाईची तपकिरी शेळी माझ्या डोळ्यांत भरली. भाव दीडशे रियाल. मी म्हटलं, बाई, एवढ्यात दीड शेळी येते. तर ती म्हणते, "अगं, दीड कशाला, तीन घेऊन चाललीस की. पोटात जुळं आहे." मी लगेच मनात दीडशेला तिनाने भागलं. शेजारची उम्म सुलूम बरोबर होती. तिने शेळीचं पोट चाचपलं आणि तोंड वाकडं केलं, "जुळं आहे का रोट्या खाऊन फुगलीय, अल्ला जाणे." मी तिला गप्प केलं. बिचारीला फॉरवर्ड पी-ई कुठून माहीत असणार.

तेव्हापासून ती शेळी खातेच आहे. लसूणघास खाल्ला, उम्म सुलूमच्या दारातलं पायपुसणं खाल्लं, आणि निवृत्तीच्या वेळी शाळेने मला दिलेलं मानपत्रही खाल्लं (चौकट तेवढी ठेवली). पोट वाढतंय, पिल्लाचा पत्ता नाही. कहवा प्यायला येणाऱ्या बायका आधी शेळीपाशी वाकतात आणि मग मला विचारतात, "काय गं, काय म्हणतो तुझा अंदाज?" मी दर वेळी सांगते, पुढच्या जुम्म्यापर्यंत नक्की. म्हणजे बघ, मीसुद्धा कंपनीच झाले. अंदाज चुकला की तो पुढे ढकलायचा, हे मला कुणी शिकवलं नाही, आपोआप जमलं. बदू बाई खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. विकणाऱ्याला आपली शेळी नेहमी गाभणच दिसते.

आपल्या लिलावात तरी दुसरं काय होतं? फळ हिरवं असतानाच दलाल झाडाझाडाखाली थांबतो, घेणारे मान वर करून घड न्याहाळतात आणि बोली लावतात. गेल्या वर्षी झाडाने काय दिलं, हे कुणी विचारत नाही. फरक एवढाच की आमचे घड डोक्यावर लटकलेले असतात आणि बर्फवाल्यांचे कुणाच्या तरी संगणकात. झाडांचा हिशेबही तू किती सुबक मांडलास. सहा झाडांनी गेल्या वर्षी साठ रियाल दिले, सहाशेला साठाने भागलं, दहा. झाडांचे दहा, बर्फाचेही दहा, आणि बर्फावर चढावं लागत नाही. मी मान डोलावली. सहाशे रियाल कपाटात काढून ठेवले आहेत. कागदावर सही करून सोबत पाठवते आहे. तब्येत सांभाळ, जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी बहीण
झुवैना

ता. क. पत्र संपवून उठले तर शेळी व्यालेली. एकच पिल्लू, पण खणखणीत आहे. म्हणजे बदू बाई निम्मी तरी खरी निघाली. बर्फवाल्यांविषयी माझं मत थोडं मऊ झालंय. माझ्याही नावावर शंभर शेअर घे. मात्र त्यांनी आकडा पुढे ढकलायला सुरुवात केली की मला कळव, ती लक्षणं मी ओळखते.

ता. क. २. लिफाफ्यात कागद शोधू नकोस, मी तो फाडला. हिलाल, गेलं वर्ष झाडांच्या विसाव्याचं होतं, हे तू मस्कतला राहून विसरलास. या वर्षी तुझी सहा अशी लगडली आहेत की दलाल आत्ताच एकशेऐंशीचा आकडा बोलतोय. बर्फाला तू पुढचं वर्ष लावलंस आणि झाडांना मागचं. सहाशेला एकशेऐंशीने भागून बघ, सव्वातीनच्या जरासं वर येतं. मला हे तुझा कागद आला त्याच दिवशी कळलं होतं. मोह झाला, चांगलाच झाला. पण भावाला असं गुंडाळून मिळवलेला खजूर माझ्या घशाखाली उतरला नसता. पुढच्या वर्षी झाडं पुन्हा दमतील, म्हणून दोन वर्षांचं मधलं धरू, एकशेवीस. तुझ्याच दहाने गुणलं की बाराशे. एवढे माझ्यापाशी नाहीत, आणि तू ती परक्याला विकलीस तर मला रडू येईल, हेही सांगून टाकते. लिलाव गुरुवारी आहे. आधी येऊन झाडांखाली उभा राहा, मान वर कर, मग काय ते ठरव. आणि येताना दोर घेऊन ये. घड बांधायला इथल्या दुकानातला पुरला नाही.