वेशीच्या पाटीपासून पन्नास किलोमीटर

ब्रामवेडे,
रविवार दुपार

प्रिय विब्के,

सगळ्यात आधी हे वाच, बाकीचं मग: घरी यायचं नाही. गाठोडं बांधलं असशील तर सोड. तुझ्या आईनं, आन्त्येनं, तुझ्या तिथल्या मालकांना फोन केला आणि तू "शनिवारी घरी यायला निघते" म्हणालीस, हे मला काल कळलं. आन्त्ये घाबरली होती, तिचं ऐकू नको. मी अंगणात पडलो हे खरं. पण हाड मोडलं नाही. कोपर खरचटलं आणि कोंबड्यांच्या पाण्याची बादली सांडली, एवढंच. शिकून झाल्यावर गावोगाव काम करत फिरतीवर निघालेल्या कारागिराला, घरचं माणूस मरणाच्या दारात असेल तर, वेशीत पाऊल टाकायची सूट असते म्हणतात. मी दारात नाही, अजून फाटकापाशीसुद्धा नाही. तू नियम मोडून धावत आलीस आणि मी इथे हिरवा कोबी आणि सॉसेज खात बसलेला दिसलो, तर आपण दोघांनी एकमेकांकडे कसं बघायचं?

हे पत्र उद्या सकाळी तातडीच्या टपालानं जाईल. शनिवारच्या आत तुझ्या हातात पडेल ना, हीच धाकधूक आहे. पोस्टातल्या बाई "पोचेल हो आजोबा" म्हणतात, पण त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात. अक्षर वाकडंतिकडं आहे, तेवढं चालवून घे. कागद मोठा घेतलाय आणि पेन जाड, तरी ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. आठवीनंतर मी थेट साखर कारखान्यात बिटाच्या गाड्या वजन करायला लागलो, लिहायचा सराव तो काय असणार.

कान कसा आहे? निघायच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या त्या फिरत्या मित्रांनी बाळीसाठी भोक पाडायला तुझा कान तुळईवर ठेवून खिळा ठोकला, तेव्हापासून माझ्या डोक्यात तो खिळा तसाच आहे. धुतला होता का? स्पिरिट लावलं होतं का? तू हसशील. हस. आणि लोकरीचे मोजे घालतेस ना? तू आहेस त्या हुसुमकडचा समुद्राचा वारा छपरावर हाडं फोडतो म्हणतात. तुमच्याजवळ फोन ठेवायचा नाही हा नियम कोणी केला त्याला नातवंडं नसावीत.

खरं सांगायचं तर तू सुतारकाम निवडलंस तेव्हा तुझ्या आईपेक्षा मीच जास्त घाबरलो होतो. ती म्हणायची बँकेत जा, मी म्हणायचो कुठेही जा, पण जमिनीवर राहा. तू ऐकलं नाहीस. ल्यूर्स मिस्त्रींकडे उमेदवारीच्या कागदावर सही करून आलीस आणि स्वयंपाकघरात उभं राहून म्हणालीस, "आजोबा, शिकायचं आणि वर महिन्याला पगारही घ्यायचा, आणखी काय पाहिजे?" मला ते पटेना. माझ्या लहानपणी गवंड्याकडे शिकायला राहायचं तर त्याच्या घरी बटाट्यांची पोती पोचवावी लागायची, आणि माझ्या वडलांकडे द्यायला पोती नव्हती. म्हणून मी कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो. शिकणाऱ्यालाच कोणी पैसे देतं यात काहीतरी गोम असणार, असं मला तुझा पहिला पगार येईपर्यंत वाटत होतं.

त्या काळात मी रोज सकाळी सायकल काढून, तुम्ही जिथे काम करत असाल तिथे यायचो, हे तुला माहीत नव्हतं. बसथांब्याच्या आडोशाला उभं राहून तुझ्या कमरेला दोर आहे का एवढं बघायचो आणि परत जायचो. एक दिवस ल्यूर्सनं वरूनच हाक मारली, "काय बेंके! नात अजून वरच आहे! खाली आली की कळवतो, तुम्ही घरी जाऊन कॉफी प्या!" वरचे सगळे असे हसले की वासे हलले. तू तेवढी हसली नाहीस, कारण तोंडात खिळे होते. त्यानंतर मी बसथांबा बदलला.

आणि ते बुडबुडे आठवतात? पहिल्याच आठवड्यात त्या लबाडांनी तुला शेजारच्या कारखान्यात पिटाळलं होतं, "पाणसळीतले बुडबुडे संपलेत, डबाभर घेऊन ये." प्रत्येक नव्या उमेदवाराची ते अशीच खेचतात, आणि पोरं बिचारी खरंच डबा घेऊन दारोदार फिरतात. तू तासभर बेकरीत बसून केक खाल्लास, रिकाम्या बरणीला घट्ट झाकण लावून परत आलीस आणि म्हणालीस, "आणलेत, पण उघडू नका, ताजे आहेत, उडून जातील." ल्यूर्सनं ती बरणी कचेरीत खिडकीत ठेवली. तो मला म्हणाला, "बेंके, ही टिकणार." मी विचारलं, "छपरावर?" तो म्हणाला, "सगळीकडे."

पहिल्या हिवाळ्यात तुझे हात बघवत नव्हते. तू कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचीस आणि मी मलम शोधत घरभर फिरायचो. "सोडून दे" हे शब्द माझ्या ओठांवर रोज यायचे. तू मात्र जेवताना काट्यानं बटाट्यात खाचा पाडून मला दाखवायचीस, एक वासा दुसऱ्यात कसा बसतो, खिळ्याशिवाय कसा धरून राहतो. पटाशी कुठून चालवायची, गुण्या कसा धरायचा. मला अर्धं कळायचं. पण एवढं कळलं की तू शाळेत कुठल्याच गोष्टीबद्दल अशी बोलली नव्हतीस. शेवटच्या परीक्षेत तू छपराचा छोटा सांगाडा केलास, तेव्हा ल्यूर्सनं त्याच्या सांध्यात पोस्टकार्ड सरकवून बघितलं. शिरेना. त्यानं उलटं धरून बघितलं, चष्मा लावून बघितलं. शेवटी पोस्टकार्ड खिशात घातलं आणि नाक शिंकरलं. सर्दी झालीय म्हणाला. बाहेर जुलैचं कडक ऊन होतं.

मग तुझं ते निघणं. काळी मखमली विजार, रुंद काठाची टोपी, पिळाची काठी. वेशीवरच्या पाटीवर चढून पलीकडे उडी मारायची आणि मागे न बघता चालू लागायचं, आणि मग तीन वर्षं आणि वर एक दिवस या पाटीच्या पन्नास किलोमीटरच्या आत यायचं नाही. मी ठरवलं होतं, रडायचं नाही, काही बोलायचं नाही. आणि तू उडी मारलीस, पाच-सहा पावलं गेलीस, आणि माझ्या तोंडातून निघालं, "विब्के, जाडे मोजे घेतलेस का?" तुझी मान वळायला लागली. तुझ्याबरोबरच्या त्या उंच मुलानं तुझी टोपीच धरली आणि ओरडला, "आजोबा, मोजे माझ्याकडे आहेत, पोरीला जाऊ द्या!" सगळे हसले. तू मागे बघितलं नाहीस. तुझा चेहरा मला दिसला नाही, फक्त पाठ आणि खांदे. खांदे हलत होते, हसत होतीस की काय ते मी आजवर विचारलं नाही.

म्हणून म्हणतो, येऊ नको. पलीकडच्या गावचा टिल तुला माहीत आहे. फिरतीवर असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला एका रात्रीपुरता चोरून घरी आला होता. आता त्याचे केस पिकले, तरी बिअरच्या टेबलावर कोणीतरी विचारतंच, "काय टिल, वाटेत भूक लागली होती का?" तो हसतो, पण ग्लास अर्धा ठेवून उठतो. तुझ्या बाबतीत कोणी तसं विचारलं आणि कारण मी असलो, तर ते मला झेपणार नाही.

आता खरी गोष्ट. ती तुला कळवायची नाही असं मीच आन्त्येला बजावलं होतं. मी पडलो ते पाय घसरून नाही. बादली मला दिसली नाही. समोर होती, लाल होती, आणि दिसली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, नजरेचा मधला भाग जातोय, कडेचं राहील. मी त्यांना म्हटलं, सोपं करून सांगा. ते म्हणाले, बेंके, तुम्हाला छप्पर दिसेल, छपरावरचा माणूस दिसणार नाही. उन्हाळ्यापर्यंत थोडं राहील, पुढचं सांगता येत नाही. इंजेक्शनं चालू आहेत, तू काळजी करू नको. काळजी करायचं खातं माझं आहे.

तुझी फिरती संपायला अजून बरीच बाकी आहे. मी विचार केला, विब्के आत येऊ शकत नाही, पण मला बाहेर जायला कोणी बंदी केली आहे? मी वेटेनहागनच्या वृद्धाश्रमात जायचं ठरवलं. बसनं तिथे पन्नासच्या वर किलोमीटर होतात, मी ड्रायव्हरला दोनदा विचारलं होतं. खोली बघून आलो, पडदेसुद्धा पसंत केले. मग ल्यूर्सला सांगायला गेलो तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, हे अंतर कावळा उडतो तसं सरळ रेषेत मोजायचं, बसच्या रस्त्यानं नाही!" त्यानं भिंतीवरचा नकाशा काढला, कर्कटकाचं टोक आपल्या पाटीवर रोवलं आणि गोल फिरवला. वेटेनहागन बोटभर आत. मी तिथेच खुर्चीवर बसलो. मग आम्ही दोघं त्या गोलाच्या कडेकडेनं माझ्या ओळखीचं कोण राहतं ते शोधत गेलो, आणि सापडलं कोण? टोमा! तुझ्या आजीची बहीण, जिच्याशी माझं लग्नाच्या दिवसापासून पटलेलं नाही. तिचं गाव ओस्टरमूर जेमतेम बाहेर पडतं. रेषा गावाअलीकडच्या तळ्यातून जाते, तेव्हा पोहायला जाऊ नको.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "हिनरिक, तू माझ्या घरात? कोण मेलं?" मी सगळं सांगितलं. तिनं डॉक्टरांचं म्हणणं मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "वरची खोली थंड आहे, कुरकुर करायची नाही. पोरीला सांग, माझ्या शेडचं छप्पर कुजलंय, काम आहे, जेवण आहे, झोपायला जागा आहे." आन्त्ये रडली, "बाबा, या वयात कोणी घर सोडतं का?" कोंबड्या तिच्याकडे ठेवल्या आहेत. त्या तिचं ऐकत नाहीत.

गुरुवारी ल्यूर्स त्याच्या गाडीतून मला तिथे पोचवतो आहे. तेव्हा शनिवारी निघणारच असशील तर नीघ, पण इकडे नको, ओस्टरमूरला ये. चर्चच्या मागचं हिरव्या दाराचं घर. टोमाचं छप्पर सावकाश कर, घाई नाही. पण आलीस की आधी वर चढू नको. दिवसाउजेडी ये, टोपी काढ, आणि खिडकीपाशी माझ्यासमोर थोडा वेळ नुसती बस. मला तुझा चेहरा नीट बघून ठेवायचाय.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
आजोबा