पिवळा दिवा आणि हातभर वायर

नाना, आज कळंबजवळच्या वाशीच्या अलीकडं एका धाब्यावर मी अनोळखी मास्तरांच्या गाडीतला पिवळा दिवा घालवला. इंजिनाचं चित्र असलेला तोच. तुम्ही म्हणायचा, "ह्यो दिवा रोग सांगत न्हाय, नुसता कण्हतो." मास्तरांचं तीन ठिकाणी गाडी दाखवून झालं होतं. मला खरं तर लातूरला जायचं होतं, पण एका टेम्पोवाल्यानं मोसंबी खायला दिली, गप्पा रंगल्या आणि मी उलट्याच बाजूला येऊन पोचलो. माझं असंच असतं, तुम्हाला काय सांगायचं! पण दिवा दिसला आणि तुमच्या हाताखाली शिकलो ते कळंबचं आपलं पत्र्याचं गॅरेज डोळ्यांपुढं आलं, आणि त्या आडत्याची पांढरी गाडी.

सोयाबीनचा हंगाम आहे. आडत्याची गाडी रोज पोत्यांच्या थप्पीला खेटून उभी राहते. तुम्ही बॉनेट उघडता, आधी वास घेता, मग एक काळी लेंडी उचलून मला दाखवता. "उंदीर. सेन्सरच्या वायरीवरची सगळी टेप सोल. मग डोळे मीट आन् वायर चिमटीतनं वीत-वीत सरकव. डोळ्याला दिसत न्हाय ती जागा बोटाला टोचती." गावात दुसऱ्यांकडं फॉल्ट सांगणारं मशीन आलं होतं, तुमच्याकडं ही चिमूट होती. एवढं सांगून तुम्ही एका ट्रॅक्टरच्या कामाला निघालात. जाता जाता आडत्याला शब्द दिलात, "संध्याकाळी घेऊन जावा शेठ. पुन्हा दिवा लागला तर मला मिस्तरी म्हणू नका."

मी हातभर वायर सोलली. तेवढ्यात दोस्त आला, तेरखेड्याला फटाके आणायला निघालेला, आणि त्याच्या गाडीवर मागं जागा होती. मी बॅटरीचं टर्मिनल काढलं, दहा मिनिटांनी परत लावलं. दिवा गेला. असा घालवलेला दिवा चार दिवसांत परत येतो, हे मला माहीत होतं. तरी टेप गुंडाळली आणि गेलो. तिथं एका अंगणात कागदाच्या नळ्या वाळत घातल्या होत्या, आणि एक बाई इतक्या भरभर वाती लावत होती की मी तासभर तिचे हातच बघत बसलो. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "सगळी बघितली?" मी म्हणालो, "सगळी. कुठंच कट न्हाय, नाना."

दिवा परत आला. वायर चांगली आहे असं धरून तुम्ही सेन्सर बदललात, प्लग बदललेत. तो पुन्हा आला. तुम्ही त्या गाडीपुढं उकिडवे बसून राहायचा, जेवायचं विसरायचा. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवायचो आणि गप्प बसायचो. एका वाक्याचं काम होतं. शेवटी आडत्यानं गाडी सोलापूरला नेली आणि परत येऊन चार माणसांत म्हणाला, "मिस्तरी, वायर कुरतडली होती हो! तासाभरात घावली त्यांना." शेजारचा पंक्चरवाला हसला, "आता नातवंडं खेळवा मिस्तरी." तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. म्हणालात, "व्हय शेठ, माझ्याच हातून सुटली."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना एकदाच विचारलंत, तेही हळू आवाजात, "खरंच बघितली हुतीस का रं?" मी गळ्याला हात लावला आणि तुमची शपथ घेतली. तुम्ही मान हलवलीत. नाना, तुम्ही ती शपथ खरी मानलीत. पोरगं खोटं बोलणार न्हाय, म्हणजे आपलीच बोटं आता कामातून गेली, असं तुम्ही ठरवून टाकलंत. त्यानंतर दिवा लागलेली गाडी दारात आली की तुम्ही हात पुसत म्हणायचा, "ह्या नव्या गाड्या मला कळत न्हाईत, पुढं न्या." पाण्याच्या मोटारी आणि ट्रॅक्टर, एवढंच धरून बसलात. दोन उन्हाळे गेले आणि तुम्हीही गेलात. मी हुबळीला होतो. पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

आज मी सगळी टेप सोलली. डोळे मिटले, वायर चिमटीतून सरकवत नेली, आणि क्लिपच्या मागं बोटाला टोचलं. तुमची बोटं कधीच कामातून गेली नव्हती, नाना. हे तुम्हाला आता कुठल्या पत्त्यावर कळवू? म्हणून धाब्याच्या बिलबुकातली कोरी पानं मागून घेतली आणि लिहीत बसलोय. ती माझ्याच खिशात राहणार.

मास्तर खूश झाले. "कुणाकडं शिकलास रे हे?" म्हणाले. पलीकडच्या बाजेवर कळंबची दोन माणसं जेवत होती. तुमचं नाव घेतलं असतं तर त्यातला एखादा म्हणाला असता, "ते व्हय? त्यांना तर साधी वायर घावली न्हवती." मग मला खरं काय ते सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "कुणाकडं न्हाय सर. असंच, फिरता फिरता."