गिअर पडेना

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी जागची हलेना! ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात, पण गिअर टाकायला गेलं की टीं टीं ओरडते आणि पार्किंगवरच ठाण मांडून बसते. अडेल तट्टू नुसती!

आणि नेमकं आजच. ह्यांच्या बायपासला सात महिने झाले. परवा डॉक्टर म्हणाले, "आता बिनधास्त गाडी चालवा." लेकीने लगेच फोनवर फर्मान काढलं — "बाबा, रविवारी माझ्याकडे यायचं आणि तुम्हीच चालवत यायचं. घरात बसून गंजाल!" मी सकाळी उठून काचा पुसल्या. हे किल्ली घेऊन खाली गेले आणि दहा मिनिटांत परत वर.

"गिअरच पडत नाही गं. जुनी झाली ती. राहू दे."

राहू दे कसं? मला हे पुन्हा पूर्वीसारखे हवेत. कोपर खिडकीत, पुढच्या गाडीवाल्याला शिव्या — तसे! आजारपणाने माणूस कसा मऊ करून टाकलाय. गाडी हातात आली की येतील ताळ्यावर. बाकी मला काही नको.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मागच्या गल्लीतला गॅरेजवाला बघून गेला. हे आजारी होते तेव्हा दर आठवड्याला तोच गाडी फिरवून आणायचा. म्हणाला, "काकू, ही हायब्रिड गाडी. हिच्या गिअरच्या दांडीखाली जुन्या गाड्यांसारखं काही नसतं. सगळा वायरींचा खेळ." त्याला पुढच्या आठवड्याशिवाय वेळ नाही.

वायरींचा खेळ म्हटल्यावर माझे हात शिवशिवायला लागले. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी दुसरं काय केलं? गाडी चालवता येत नाही म्हणून काय झालं, उघडता तर येते! "मी खोलू का?" विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "खोला. पण आधी डिकीतल्या छोट्या बॅटरीची वायर काढायची. आणि नारंगी वायरींना अजिबात हात लावायचा नाही." हे दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं, पोराकडून पाढे घ्यावेत तसं.

५ नोव्हेंबर, बुधवार

जमलं!!

दांडीभोवतीचं प्लास्टिकचं झाकण उचकटताना एक खटका मोडला (ह्यांना सांगितलेलं नाही). आत ह्यांच्या पथ्यात न बसणाऱ्या लिमलेटच्या गोळ्यांचे अकरा कागद निघाले. मी बघितलं, ह्यांनी दुसरीकडे बघितलं. आणि घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच कळलं — दांडीच्या वायरचा प्लग सुटून नुसता लोंबत होता! बसवला, 'कट' वाजला. बॅटरी जोडली, सीटवर बसून ब्रेक दाबला आणि गिअर टाकला. रिव्हर्स! पुढचा! परत पार्किंग! जीव भांड्यात पडला.

हे सगळा वेळ टॉर्च धरून उभे होते. म्हटलं, "चला, एक चक्कर मारू!"

"उद्या जाऊ. टॉर्च धरून हात अवघडला."

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तेच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्लग पुन्हा सुटलेला. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "आपोआप नाही सुटत काकू, त्याला लॉक असतं. दाबल्याशिवाय निघतच नाही." म्हणजे लॉक झिजलं असणार. त्याच्याकडे भंगारातल्या तसल्याच गाडीची अख्खी दांडी होती, ती मी घेऊन आले.

दुपारभर तेच काम. चार स्क्रू काढले, जुनी दांडी काढली, नवी बसवली. हे वाटीत स्क्रू सांभाळत बसले होते. मग आपण होऊन चहा केला — आणि करताना शीळ घालत होते! सात महिन्यांत पहिल्यांदा शीळ ऐकली. गाडी दुरुस्त होतेय म्हणूनच स्वारी खूश, दुसरं काय? मलाही फार छान वाटलं. साठी उलटली तरी हात अजून चालतात, आणि हाताखाली नवरा! गिअर लोण्यासारखा पडला.

चक्कर? "अंधार पडतोय गं. उद्या."

८ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा! नवी दांडी, नवा प्लग आणि पुन्हा सुटलेला! मी पाना आपटला. हे उलट माझीच समजूत घालत होते, "अगं, उद्या टॅक्सीने जाऊ. तू तरी किती करशील?" गाडी आठवडाभर जागची हललेली नाही, मग हादरा बसतो कुठून? माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

शेवटी एक्स्चेंजमधली युक्ती काढली. जोड पक्का केला की आम्ही त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. जोड तसूभर हलला तरी ठिपका तडकतो आणि लांबूनही दिसतं. माझ्या पर्समधल्या लाल बाटलीने कधी नख पाहिलं नाही! संध्याकाळी प्लग बसवून त्यावर जाडजूड थर दिला. बाटली जुनी, पॉलिश चिकट झालेलं. वाळायला वेळ लागेल. ह्यांना काही बोलले नाही. उद्या सकाळी लेकीकडे निघायचंय, तेव्हा गाडी सुरू झाली की मगच सांगेन, म्हणजे मजा येईल.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी हे खालून आले. "परत अडली गं." मी चहा पुढे केला. कप धरलेल्या अंगठ्यावर लाल रंग होता.

मी तो हात धरूनच ठेवला. मग हे म्हणाले, "चालवताना छातीत कळ आली तर? शेजारी तू असणार." डोळे भरले होते. सगळे आपले चालवा, चालवा करत होतो, सांगणार तरी कुणाला!

आणि मी आठवडाभर ह्यांची पळवाट दुरुस्त करत बसले होते.

ड्रायव्हिंग क्लासला फोन केला. वय विचारलं, एकसष्ट सांगितलं. पलीकडची मुलगी घुटमळली. "आजी, आता कशाला शिकायचंय?"

म्हटलं, "ह्यांना शेजारी बसवायचंय."