हार्मोनियम मास्तरांना मारलं कोणी?

आरमोरी,
सोमवार, दुपार

परमस्नेही मन्सूरभाई यांना भैयाजीचा सलाम आणि जरीनाभाभींना रामराम. (उलटसुलट झालं असेल तर दोघांनी आपसात बदलून घ्या. 'भाई' आणि 'यांना' हे पत्राच्या पहिल्या ओळीपुरतं. पुढे तू तूच.)

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? माजरीत अजूनही वाळत घातलेलं पांढरं धोतर कोळशाच्या धुळीनं संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतं का? माझी प्रकृती उत्तम आहे. साखर वाढली आहे असं डॉक्टर म्हणतात; माझ्या मते ती चहात कमीच पडते. फोन करता आला असता, पण फोनवर तू फक्त "हं, हं" करतोस आणि मागे भाभींचा कुकर माझ्यापेक्षा जास्त बोलतो. शिवाय चाळीस वर्षं पोस्टात बसून मी दुसऱ्यांची पत्रं पोचवली. स्वतः लिहायला विषय नव्हता. आता मिळाला आहे, आणि तो खुनाचा आहे, म्हणून बसून वाच.

तुला डिटेक्टिव्ह पारखी आठवतो ना? आपण नववीत असताना एकच पुस्तक दोघं मिळून वाचायचो. तू पानाच्या तळाशी आधी पोचायचास आणि मी येईपर्यंत तिथे बोट ठेवून शीळ घालत बसायचास. तो पारखी, काळी टोपी, हातात अडकित्ता, विचार करताना सुपारी कातरणारा, आता टीव्हीवर आला आहे. दर रविवारी सकाळी अकराला. पण मन्सूर, त्याची सुपारी गेली! आता तो बिनदुधाची कॉफी पितो. दाढी वाढवली आहे, बायको सोडून गेली आहे, झोपेत दचकून उठतो. आणि त्याचा सहायक मधू? मधूची मधुरा झाली आहे आणि ती बुलेट चालवते. पहिला भाग पाहून मी टीव्हीसमोरच "अरे, हा कोण?" असं मोठ्यानं विचारलं. उत्तर देणारं घरात कोणी नव्हतं. (कांता जाऊन दोन वर्षं झाली. मी टीव्ही बहुतेक आवाजासाठीच लावतो. त्यातल्या कोणी "कोण आहे तिकडे?" असं विचारलं की मी "मीच" म्हणतो. हसू नकोस.)

तर ती तक्रार पोटात मावेना म्हणून मी दुसऱ्या दिवशी गुणवंतराव गुरुजींना सांगितली. निवृत्त माणूस, आपल्यासारखाच. 'पारखीचं पानन् पान तोंडपाठ' असं सांगणारा. ते खवळले. पुढच्या रविवारी ते खात्री करायला म्हणून माझ्याकडेच आले, कारण माझ्या पोरानं, पवननं, हैदराबादेहून पाठवलेला भिंतभर टीव्ही आमच्या गल्लीत फक्त माझ्याकडे आहे. (स्वतः यायला त्याला सुट्टी मिळत नाही, टीव्ही मात्र लगेच आला.) गुरुजींच्या मागून बाजार समितीतला पत्रू मापारी आला. त्यानं जन्मात एक पुस्तक वाचलेलं नाही, पण धानाचं पोतं नुसतं पाहून वजन सांगतो, तसं पारखीला पाहून म्हणाला, "पोट्टा वजनदार आहे जी!" समोरच्या घरातली दिव्यानी आली. ती गडचिरोलीला बी.एड. करते. मी पोहे केले, चहा केला. चौघं होतो आणि तासाभरात दोन पक्ष झाले.

पुस्तकवाले म्हणजे गुरुजी आणि मी. आमचं म्हणणं, सुपारीशिवाय पारखी म्हणजे तांदळाशिवाय आरमोरी. टीव्हीवाले म्हणजे पत्रू आणि दिव्यानी. पत्रूचं म्हणणं, सुपारी कातरणारा डिटेक्टिव्ह पळणाऱ्या चोराला पकडेल कसा? आणि दिव्यानी म्हणाली, "काका, मी वाचलीत ना तुमची एकदोन पुस्तकं. त्याच्यात बायका दोनच कामं करतात. चहा आणतात अन् किंचाळतात. मधुरा निदान गाडी तरी चालवून राह्यली." गुरुजी म्हणाले की त्या काळी किंचाळायलाही हिंमत लागायची. त्यावर जी जुंपली ती दीड वाजेपर्यंत. सगळे गेल्यावर मी चार बशा धुतल्या. मन्सूर, तुला सांगतो, दोन वर्षांत चार बशा एकदम धुतल्या नव्हत्या.

पुढल्या रविवारी सातजण आले, त्याच्या पुढे अकरा. मी शनिवारीच पोहे आणून ठेवू लागलो. सतरंजी काढली. पारखीची 'हार्मोनियम मास्तर' ही गोष्ट सुरू होती, बंद खोलीत मास्तर मरून पडलेत ती. पण तिसऱ्या आठवड्यात घोळ झाला. मालिका नेमकी पुस्तकाप्रमाणे चालू लागली! तोच वाडा, तोच वकील, तीच कोपऱ्यात बसणारी आंधळी मावशी. गुरुजी विरघळले. म्हणाले, "तसं वाईट नाई करून राह्यले." पत्रूनंही मान्य केलं की सुपारीला हरकत नाही. भांडण संपलं. आणि संपताच लोक घड्याळाकडे पाहू लागले. एकाला शेतावर जायचं आठवलं. पत्रू म्हणाला, "भैयाजी, पुढच्या खेपेला मी मोबाईलवरच पाहून घेतो. तुमाले काऊन तरास?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हणालो, "पहा बापा. पण पुस्तकात खुनी वेगळाच आहे."

सगळे थांबले. पायात चप्पल घातलेले परत बसले. कोण, कोण, असं झालं. आता पुस्तकात खुनी वकील आहे हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण वकील म्हणालो असतो तर टीव्हीतही वकीलच निघणार, म्हणजे पुन्हा एकमत! म्हणून नजरेसमोर जी आली ती सांगितली. "मावशी. ती आंधळी नव्हतीच." आणि गंमत ऐक. गुरुजींनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "हौ! मावशीच! मले पक्कं आठवते!"

चौथ्या रविवारी टीव्हीत वकील पकडला गेला आणि माझ्या घरात दंगल झाली. गुरुजींच्या मते हा साहित्याचा खून होता, मास्तरांच्या खुनाहून मोठा. पत्रूच्या मते आंधळ्या बाईला खुनी ठरवणारं पुस्तकच बिनडोक. त्या दिवशी सतराजण होते. दोघं खिडकीबाहेरून भांडत होते. चॅनेलला निषेधाचं पत्र पाठवायचं ठरलं. अक्षर चांगलं म्हणून मीच लिहिलं, सह्या घेतल्या आणि रजिस्टर्ड केलं. जे पुस्तकात नाहीच ते का गाळलं म्हणून बिनदिक्कत जाब विचारला. लाज वाटली का? वाटली. पण दुपारी तीनपर्यंत घर भरलेलं होतं.

पाचव्या रविवारी दिव्यानी आली ती गडचिरोलीच्या ग्रंथालयातून पुस्तक घेऊनच. तिला आमची बाजू खोडायची नव्हती रे. मावशीचा भाग आईला वाचून दाखवायचा म्हणून तिनं ते आणलं होतं. सगळ्यांसमोर उभी राहिली, शेवटचं पान वाचलं. वकील. मागचं वाचलं. वकील. मावशी बिचारी शेवटपर्यंत आंधळी आणि निर्दोष. गुरुजींचा चेहरा कोंडा उडालेल्या धानासारखा झाला. म्हणाले, "मले तं भैयाजीनंच सांगतलं." म्हणजे तोंडपाठ पानं एका क्षणात माझ्या खात्यावर आली. पत्रू हसेल असं वाटलं होतं, तो हसला नाही. दिव्यानीनं एवढंच विचारलं, "काका, खोटं काऊन बोललात जी?" मी म्हणालो, पोहे थंड होतायत. ते खरोखरच थंड झाले, कारण सगळे उठून गेले.

सहाव्या रविवारी कोणी आलं नाही. मी सवयीनं किलोभर पोहे भिजवले होते. साडेअकरापर्यंत मनाशी म्हणत होतो की वडसा रस्त्यावर वाघ दिसला असेल, म्हणून लोक घराबाहेर पडले नसतील. पण समोरून मुलं क्रिकेटची बॅट घेऊन जात होती, तेव्हा वाघाचीही सोय राहिली नाही. टीव्हीवर नवी गोष्ट सुरू झाली. मी पाहिली, पण काय झालं विचारशील तर सांगता येणार नाही. पोहे सकाळी खाल्ले, संध्याकाळी खाल्ले, सोमवारी फोडणी देऊन खाल्ले. (कांता असती तर पहिल्या पाच मिनिटांत खुनी सांगून मोकळी झाली असती. तिची पद्धत सोपी होती. जो फार गोड बोलतो तो. तिच्या हिशोबानं मी या गल्लीत कधीच पकडला गेलो असतो.)

मी ठरवलं की माफी मागायची. गुरुजींच्या घरापर्यंत दोनदा गेलो, दोनदा पुढे जाऊन औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन परतलो. माझ्याकडे आता तीन महिन्यांच्या साखरेच्या गोळ्या आहेत.

आणि काल सातवा रविवार. अकराला दारात दिव्यानी. मला वाटलं रागावायला आली. ती आत येऊन सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "आई इचारून राह्यली, मावशीनं मारलं कसं असन? तिले वकिलापेक्षा मावशीच पटली."

मी सांगू लागलो. खरं तर बनवू लागलो, आणि तसं आधीच कबूल करून बनवू लागलो. मावशीला सगळ्यांच्या पावलांचे आवाज ओळखू येत. हार्मोनियमच्या भात्यात विष भरलं. तेवढ्यात फाटकाशी पत्रू आला. "मी टीव्ही पाहाले नाई आलो," असं म्हणून आत आला. त्याच्या मागे आणखी पाचजण. सर्वात शेवटी गुरुजी आले आणि माझ्याकडे पाठ करून बसले, पण कान इकडे. पत्रू म्हणाला, "पण मारलं काऊन? मास्तरनं तिचं काय बिघडवलं?"

याचा मी विचारच केला नव्हता. म्हणालो, "वाड्यात ती तीस वर्षं कोपऱ्यात बसून होती. येणारे मास्तरांशी बोलायचे. तिच्याशी कोणी बोलायचं नाही."

"एवढ्यासाठी खून?" पत्रू म्हणाला.

गुरुजी पाठमोरेच म्हणाले, "होते जी असं." आणि वळून बसले. म्हणाले, "पहिल्या खेपेले मीच हौ म्हटलं. आपण दोघं मिळून खोटं बोललो, भैयाजी. तुम्ही एकट्यानं नाई."

मी स्वयंपाकघरात गेलो. डोळ्यात कांदा गेला असं सांगितलं असतं, पण कांदा संपला होता, म्हणून नुसताच उभा राहिलो. बाहेर आल्यावर पाहतो तर दिव्यानी आणि पत्रू मावशीला फाशी व्हावी की नाही यावर भांडत होते. दीड वाजला. टीव्ही सुरूच केला नव्हता हे त्यानंतर कोणाच्या तरी लक्षात आलं. आज सकाळी मी नऊ बशा धुतल्या. आता खोटं बोलणं बंद, असं मी कांताच्या फोटोसमोर सांगून टाकलं आहे.

असो. भाभींच्या कुकरला माझा नमस्कार सांग, गुडघ्याला तेल लाव, आणि हे पत्र मुलांना दाखवू नकोस, ते मला फोन करतील.

तुझाच, पानाच्या तळाशी कायम उशिरा पोचणारा,
भैयाजी

ता. क. – नवी गोष्ट दोन रविवार झाले चालू आहे. त्यातही खुनी पुस्तकातलाच ठेवणार असं दिसतं. लोक पुन्हा गुण्यागोविंदानं पाहू लागतील ही भीती आहे.

ता. क. दुसरं – एक सांगायचं राहिलं. काल लोक उठता उठता मी म्हणालो की पारखीच्या गोष्टींची एक जुनी, पहिली आवृत्ती होती, तीत सगळे शेवट वेगळे होते, आणि ती वाचलेला एकच माणूस जिवंत आहे. माजरीला असतो, नाव मन्सूर. कांताचा फोटो उलटा ठेवून म्हणालो, तेवढं ध्यानात घे. सगळे तुला भेटायला अधीर आहेत. अशी आवृत्ती नाही हे मला माहीत आहे, तू कोणाला बोलू नकोस. तू नुसता येऊन बस. शेवट मी सांगीन, तू "हं, हं" म्हण. ते तुला चांगलं जमतं.

ता. क. तिसरं – एका रविवारपुरते कपडे आणू नकोस. मालिकेचे अजून तेरा भाग आहेत.