बोटभर उघडलेली खिडकी

२५ जानेवारी, संध्याकाळ. ईडन प्रेरी

कोरड्या, कोंडलेल्या हवेत विषाणू किती वेळ तरंगतो, हेच मी रोज लॅबमध्ये मोजते. आणि गेल्या रविवारी माझ्याच घरी हळदीकुंकू. बाहेर उणे वीस, आत हीटिंग, पंधरा जणी. एक मैत्रीण खोकत होती, म्हणून मी खिडकी बोटभर उघडली. शेजारच्या सुधाकाकू म्हणाल्या, "लाव गं, गारठले मी." मी लावली. हातात वाण घेऊन मोठ्या बाईशी काय वाद घालणार? की घालायला हवा होता?

आज त्यांच्या मुलाचा मेसेज आला. काकूंना ऑक्सिजन लावलाय. मी "काळजी घ्या" एवढंच लिहिलं. खिडकीचं लिहून पुसलं.

आता घरात मी एकटीच आहे, आणि खिडकी सताड उघडून बसलेय.